जावक टेबल

आमच्या ऑफिसात दोन टेबलं. खिडकीकडचं जावक आणि संडासाकडचं आवक. जावकवर भाऊ बसायचे, आवकवर मी. आता तुम्हाला वाटेल ही कुठलीतरी सरकारी कचेरी असणार. छे हो! आमचा धंदा प्रेमाचा. हिरोचं प्रेम चाहत्यांपर्यंत पोचवायचं आणि चाहत्यांचं प्रेम हिरोपर्यंत पोचू द्यायचं नाही, कारण त्याला वेळ नसतो. खाली टायरचं दुकान, वर आम्ही. जिन्यात कायम रबराचा वास, आणि दारावर हिरोचा पुरुषभर उंचीचा फोटो. त्याच्या छातीवर आम्ही रोज हात ठेवून दार ढकलायचो.

पूर्वी पत्रं यायची, मग फोनवरचे छोटे मेसेज आले, मग अ‍ॅप आलं. महिन्याला पैसे भरले की हिरो तुम्हाला रोज सकाळी जातीनं मेसेज करतो. ‘उठलीस का?’ हे एकाच क्षणी लाखो बायकांना जातं आणि प्रत्येकीला वाटतं, मलाच. खरं तर सगळ्यांना सगळं माहीत असतं. पण तसं वाटावं म्हणूनच तर पैसे भरलेले असतात ना!

हे मेसेज लिहायचे भाऊ. हिरो नव्हे, त्याचा सेक्रेटरी नव्हे, आमचे भाऊ. शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, चष्म्याला दोरी, आणि एका बोटानं टायपिंग. आधी पेन्सिलीनं कच्चं लिहायचे, तेही जुन्या पोस्टरच्या पाठीवर, कागद वाया जाऊ नये म्हणून. मग एकदा पुटपुटत वाचायचे. मग टाइप करायचे. आणि पाठवायचं बटण दाबताना डोळे मिटायचे. इतकी वर्षं झाली तरी मिटायचे. मी एकदा विचारलं, “अहो, डोळे कशाला मिटता?” तर म्हणाले, “लाजच वाटते हो.”

बोलायचं म्हणाल तर माणूस मुलखाचा मुका. दिवसभरात माझ्याशी एकच वाक्य, “पंखा कमी करू का?” आणि तोच माणूस लाखो बायकांना लिहायचा, ‘आज आरशात बघून एकदा हस. माझ्यासाठी.’ मी थक्क व्हायची. “भाऊ, हे सुचतं कुठून तुम्हाला?” “बसमध्ये,” एवढंच उत्तर.

नोकरीला लागताना मालकांनी आमच्याकडून लिहून घेतलं होतं की हे मेसेज कोण लिहितं ते कुणालाही सांगायचं नाही. घरीसुद्धा नाही. मी माझ्या घरी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, आमच्या घरात कुणाला पडलेली नव्हती. भाऊंनी मात्र शब्द पाळला. बायकोला सांगितलं, रवानगी विभागात आहे. त्या माउलीची समजूत अशी की नवरा दिवसभर पोस्टरं गुंडाळतो आणि टी-शर्टांच्या घड्या घालतो.

माझं काम उलट. बायका उत्तरादाखल जे लिहायच्या ते माझ्याकडे यायचं. प्रत्येकीला एक लाल बदाम द्यायचा की झालं. वाचायचं नाही, असा नियम. पण मला डोळे आहेत, काय करणार! वाचायची मी. त्यात एक होती, ‘खिडकीतली’ या नावानं लिहायची. रोज. अगदी न चुकता, वर्षानुवर्षं. ‘आज दोडक्याची भाजी केली. यांनी नावं ठेवली नाहीत आणि चांगली झालीय असंही म्हटलं नाही. भिंतीला वाढलं असतं तरी चाललं असतं.’ किंवा, ‘आज जिन्यात पडता पडता वाचले. यांना सांगितलं. हे म्हणाले, हं.’

या ‘हं’वाल्या नवऱ्याचा मला इतका राग यायचा म्हणून सांगू! समोर असता तर चांगलं फैलावर घेतलं असतं. डबा खाताना मी भाऊंना सांगायचीसुद्धा, “काय एकेक नवरे असतात हो! बायको जिन्यावरून पडत होती आणि हा बाबा नुसतं हं म्हणाला.”

भाऊ म्हणायचे, “हं.”

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मालकांचा मुलगा शिकून परत आला. मालक सगळ्यांना सांगत फिरले, “हे आमचे चिरंजीव.” तेव्हापासून आम्ही त्याला चिरंजीवच म्हणतो. चिरंजीव ऑफिसात स्लिपर घालून यायचे. सकाळची मीटिंग उभ्यानं घ्यायचे, म्हणे बसलं की माणूस लांबण लावतो. माझे गुडघे काय म्हणतात ते त्यांना कोण सांगणार? भाऊंकडे तोवर दोन वस्तू होत्या, ऑफिसचा जाडजूड कॉम्प्युटर आणि घरच्यासाठी बटणांचा फोन. चिरंजीवांनी दोन्ही काढून घेतले आणि एक चकचकीत फोन हातात ठेवला. “काका, आता सगळं एकाच ठिकाणी. हिरोही इथेच आणि घरही इथेच. वरच्या पट्टीवर बोट फिरवलं की बदलतं.” भाऊंनी बोट फिरवून पाहिलं. काय बदललं ते त्यांना दिसलं नाही, पण विचारणार कसं?

शिवाय चिरंजीवांनी एक यंत्रही आणलं. म्हणजे दिसत काही नव्हतं, सगळं फोनच्याच आत. त्या यंत्राला भाऊंचे जुने सगळे मेसेज खायला घातले. वर्षअखेर भाऊ निवृत्त झाले की पुढं तेच लिहिणार होतं. पहिल्या दिवशी यंत्रानं लिहिलं, ‘सुप्रभात. तुझे स्मित सूर्याहून अधिक तेजस्वी आहे.’ माझ्याकडे ढिगानं उत्तरं आली, ‘बरं नाही का वाटत तुम्हाला?’ यंत्र दोन दिवसांत गप्प केलं आणि चिरंजीव म्हणाले, “अजून शिकतंय ते.”

एक दिवस डब्याचं झाकण लावता लावता भाऊ आपण होऊन बोलले. “आमच्या घरी बोलणं बंद आहे.”

“चालू कधी होतं?” माझ्या तोंडून निघून गेलं. जीभ चावली, पण काय उपयोग?

ते मात्र रागावले नाहीत. हळूहळू सांगत गेले. बायकोचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. यांनी तिला दवाखान्यातून घरी आणलं, खुर्चीत बसवलं आणि समोर पेपर उघडला. दुखतंय का, दिसतंय का, काही विचारलं नाही. म्हणजे विचारायचं मनात होतं, पण तोंडातून निघालं नाही. आणि नेमका त्याच दुपारी हिरोचा मेसेज आला, ‘डोळ्यांना जप. स्क्रीनकडे फार बघू नकोस, माझं बघणं पुरे आहे.’ तिनं एका डोळ्यानं तो वाचला आणि फोन यांच्या नाकासमोर धरला. “बघा! त्या परक्या माणसाला कळतं. तुम्हाला दवाखान्यातून आणूनही कळलं नाही.”

“आणि तो तुम्हीच लिहिला होता,” मी म्हटलं.

“तिच्यावरूनच सुचला होता. आदल्या दिवशी, बसमध्ये.”

मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. तर तेव्हापासून घरात अबोला. आणि आता तिनं बॅग भरून कॉटवर ठेवली होती. तिची एकटी राहणारी बहीण होती, रविवारी तिच्याकडे जाणार होती. राहायलाच. परत येण्याचं काही बोलली नव्हती.

“ती गेली तर मी काय करू हो?” भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज असा चिरकलेला मी कधी ऐकला नव्हता.

चिरंजीव कॉफीचा मग घेऊन पलीकडून चालले होते, त्यांनी ऐकलं. “काका, सोपंय. तोंडानं जमत नाही ना? मग टाइप करा. रोज तेच तर करता!”

हे मात्र त्या पोराचं खरं होतं. भाऊंनी दुपारभर दुसरं काम केलं नाही. पोस्टरच्या पाठीवर लिहायचे आणि खोडायचे. ‘माझं चुकलं.’ खोडलं. ‘तू जाऊ नकोस.’ तेही खोडलं. हिरोच्या नावानं धबधब्यासारखं लिहिणारा माणूस स्वतःच्या नावानं घामाघूम झाला होता. शेवटी कागद माझ्यापुढं धरला. लिहिलं होतं, ‘येताना दूध आणू का?’

“हे काय? यात माफी कुठंय?”

“आहे की त्यात.”

मी हात टेकले. त्यांनी एकदा पुटपुटत वाचलं, एका बोटानं टाइप केलं, डोळे मिटले आणि बटण दाबलं.

माझ्या स्क्रीनवर दुपारच्या वेळी तुरळक काहीतरी येत असतं. एकदम धरण फुटलं. ‘हो.’ ‘आणा ना!’ ‘किती वाजता येताय?’ ‘एक लिटर, साय येणारं.’ ‘मला दूध चालत नाही, पण तुम्ही आणलंत तर पिईन.’ ‘आमचे घरी आहेत, खालीच थांबा, मी येते.’ मी बदाम देऊन देऊन दमले. मग डोक्यात उजेड पडला. “भाऊ! अहो, काय केलंत हे? सगळ्यांना गेलं की!”

भाऊंनी डोळे उघडले. फोनकडे बघत राहिले. वरच्या पट्टीवर हिरोचा फोटो होता.

संध्याकाळपर्यंत शहरात हाहाकार. डेअऱ्यांवर दूध संपलं. हिरोनं आणून दिलं असं दाखवायला बायकांनी स्वतःच पिशव्या विकत घेतल्या, दाराच्या कडीला अडकवल्या आणि फोटो टाकले. हिरोच्या बंगल्यापुढं पातेली घेऊन रांग लागली. रात्र होण्याआधी साक्षात हिरो आमच्या जिन्यात. आपल्याच फोटोच्या छातीवर हात ठेवून आत आला, काळा चष्मा, नाकाला रबराच्या वासामुळं रुमाल.

“मी दूध आणतो? मी? आयुष्यात एकदा तरी आणलंय का मी दूध?” तो ओरडला. “चाकू घेऊन वीस जणांवर धावून जाणारा माणूस आहे मी!”

चिरंजीवांनी त्याला फोनवर वर जाणारी रेघ दाखवली. नवे पैसे भरणाऱ्यांची रेघ. हिरोनं चष्मा काढला. बराच वेळ बघितलं. मग मऊ आवाजात म्हणाला, “दहीपण विचारू का?”

दुसऱ्या दिवशी फोटो काढायला मंडळी आली. हिरोला दुधाची पिशवी कशी धरतात तेच माहीत नव्हतं. कोपऱ्याला धरून त्यानं ती तलवारीसारखी फिरवली, फुटली, बुटात दूध. तोही फोटो विकला गेला. ‘येताना दूध आणू का?’ छापलेल्या कापडी पिशव्या आल्या. अ‍ॅपवर ‘घरचा पॅक’ निघाला, नेहमीच्या दुप्पट भावाचा. त्यात हिरो रोमँटिक काहीच बोलत नव्हता, फक्त घरातलं विचारत होता. यंत्रालाही नवा धडा मिळाला. ते लगेच लिहायला लागलं, ‘गिझर बंद केलास का?’ ‘माझा टॉवेल कुठंय?’ लाखो बायकांनी कळवलं, दारामागे.

सगळे भाऊंना डोक्यावर घेऊन नाचत होते. मालकांनी पेढ्यांऐवजी दुधाचीच पिशवी हातात दिली. आणि भाऊ? ते माझ्या टेबलाशी येऊन उभे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आवक टेबलाशी.

“आवकमध्ये एक बघायचं होतं. ही पण पैसे भरते ना अ‍ॅपला. तिलाही गेलं असणार. तिनं काही उत्तर दिलंय का?”

“नाव काय घेतलंय तिनं?”

“ते कधी विचारलं नाही.”

घ्या! आता या महासागरात कुठं शोधायचं? मी म्हटलं, “बरं, दुधाला ती काय म्हणेल?”

“किती ते सांगेल,” भाऊ म्हणाले. “आणि कुठलं नको ते सांगेल.”

मी खाली खाली जात राहिले. ते मान पुढं करून उभे. आणि एका ठिकाणी त्यांनी काचेवर बोट ठेवलं. ‘आणा. अर्धा लिटर. निळी पिशवी नको, कोपऱ्यातून गळते. आमचे हे दर वेळी निळीच आणतात, सांगून थकले. पण विचारलंत, बरं वाटलं. रविवारी मी बहिणीकडे जातेय. तिकडेही विचाराल ना?’

“ही ती,” भाऊ म्हणाले.

मी नाव बघितलं. खिडकीतली.

दोडक्याची भाजी, जिना, ते ‘हं’... अरे देवा! ज्याला मी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या तो मेला माझ्याच शेजारी बसून डबा खात होता. राग आला, हसू आलं आणि त्यांचं ते वाकून बघणं बघून डोळेही भरून आले. मी म्हटलं, “भाऊ, तिच्या नावावर बोट ठेवा. वाचा. सगळं आहे इथे. इतक्या वर्षांचं आहे.”

ते मागे सरले. “नको, नको. ते माझ्यासाठी नाही लिहिलेलं. हिरोला लिहिलंय तिनं.”

“अहो, हिरो तुम्हीच!”

“मी जावक,” भाऊ म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. मग जरा वेळानं, “मग कोणती आणू?”

“हिरवी आणा, हिरवी! आणि पळा आता घरी.”

मालकांनी दिलेली पिशवी निळी होती. ती टेबलावर टाकून ते गेले.

दुसऱ्या दिवशी शनिवार. भाऊ आले नाहीत. बायकोच्या ऑपरेशनचा दिवस सोडला तर आजवर खाडा नाही, ताप असला तरी येणारा माणूस. इकडे यंत्राला काय झालं कोण जाणे, सकाळपासून एकच धरून बसलेलं, ‘टॉवेल सापडला नाही.’ ‘अजून सापडला नाही.’ बायका रडकुंडीला आल्या होत्या, काही जणी नवे टॉवेल घेऊन बंगल्यावर निघाल्या होत्या. चिरंजीव स्लिपर फटफटवत येरझाऱ्या घालत होते. “काकांना बोलवा! आत्ताच्या आत्ता बोलवा!” मग मी फोन लावला.

भाऊ कुजबुजत बोलत होते. काल हिरवी पिशवी बघून तिनं विचारलं, “तुम्हाला हे कोणी सांगितलं?” यांनी मग सगळं सांगून टाकलं. लिहून दिलेलं मोडलं. ती आधी हसलीच. “तुम्ही? आणि हिरो?” विश्वास कसा बसणार? तेव्हा यांनी म्हणून दाखवलं की उद्या सकाळी तुला काय येणार आहे. आधीच लिहून ठेवलेलं होतं ना, यंत्राच्या टॉवेलाआधी जाणारं. ‘रागावलेली असलीस तरी चहा घे.’ सकाळी ती फोन मांडीवर घेऊन बसली आणि तेच आलं, शब्दाला शब्द.

“मग?” मी विचारलं.

“पांढरी फटक पडली हो. म्हणाली, म्हणजे मी जे जे लिहिलं ते सगळं तुम्ही... मी म्हटलं, नाही गं, तुझी शपथ, एकही वाचलेलं नाही. ते माझ्या टेबलावर येतच नाही. मला वाटलं, तिला बरं वाटेल.”

“आणि?”

“एवढी चिडलेली मी तिला कधी पाहिली नाही. म्हणाली, वाचलं असतंत तर दोन दिवस भांडले असते आणि सोडून दिलं असतं. एवढी वर्षं रोज लिहीत होते, आणि तुम्ही एकही वाचलं नाहीत?”

माझा हात तसाच कानाशी राहिला. आता कसं सांगू या माणसाला की मी म्हटलं होतं, वाचा म्हणून?

“निघाली का मग ती?” मी विचारलं.

“बहिणीला कळवलं तिनं, उद्या जमत नाही म्हणून. पुढचं माहीत नाही. आता वाचून दाखवतेय. पहिल्यापासून. मध्ये उठायचं नाही, पेपर घ्यायचा नाही, अशी अट आहे. पहिलं वर्ष संपत आलंय.”

मागून आवाज आला, “कोणाशी बोलताय? इकडे लक्ष द्या!”

भाऊंनी फोन खाली ठेवला, पण बंद करायचं त्या नव्या फोनवर त्यांना अजून जमत नव्हतं. त्यामुळं मला ऐकू येत राहिलं. ती वाचत होती, मध्ये मध्ये आवाज अडकत होता. ‘आज आई गेल्याला महिना झाला. हे ऑफिसात. घरात बोलायला कोणी नाही म्हणून भांडी परत घासली.’

मग भाऊंचा आवाज, “भांडी परत घासलीस? मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं.”

“मी काय म्हणालो?”

तिनं नाक ओढलं. भाऊ म्हणाले, “पुढे वाच. सगळं वाच.”

मी हळूच फोन ठेवला. चिरंजीव समोर हात नाचवत उभेच होते, काय म्हणाले काका, कधी येतायत? मी सांगितलं, आज यायचे नाहीत, कामात आहेत.